बाल्सा महागला, वऱ्हाडात विमान कशाचे करायचे?

कपाशी, भेंडी, अंबाडी आणि बाल्सा ही चारही एकाच माल्व्हेसी कुळातली. पहिल्या तिघींची दर्यापूर तालुक्यात कोणाला ओळख करून द्यायला नको. चौथे झाड दूर इक्वाडोरात, ग्वायास नदीच्या खोऱ्यात वाढते. पाच-सहा वर्षांत ते तोडणीला येते, त्याच्या बोंडातूनही कापसासारखा तंतू निघतो, आणि त्याच्या लाकडाच्या दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पाट्या जगभरच्या मॉडेल विमाने करणाऱ्यांच्या टेबलावर जातात. आपल्याकडे त्या एनसीसीच्या हवाई शाखेच्या छात्रांकडे दिसतात. बोइंग आणि आयआयटी मिळून २०१३ पासून जी एरोमॉडेलिंग स्पर्धा घेतात, तिची तयारी करणाऱ्या अभियांत्रिकीच्या पोट्ट्यांकडे दिसतात. आणि एखाद्या गावात रेडिओ-कंट्रोलचा नाद लागलेला शिक्षक किंवा मोटार रिवाइंडिंगवाला असतोच, त्याच्याकडेही. या सगळ्यांची गेल्या काही वर्षांतली तक्रार एकच आहे: बाल्सा परवडत नाही, आणि परवडला तर चांगला मिळत नाही.

तक्रार खरी आहे. पण बहुतेक जण तिच्यावर जो उपाय शोधतात, म्हणजे बाल्साच्या जागी जशीच्या तशी बसेल अशी दुसरी स्वस्त पाटी, तो मला मुळातच चुकीचा वाटतो. तशी पाटी नाही. सामान बदलायचे तर विमानाचा आराखडाच बदलावा लागतो. तो बदलायची तयारी असली की वऱ्हाडात लागेल तो बराचसा माल बुरडाच्या घरी, फ्रिजच्या खोक्यात आणि विजेच्या खांबावर सापडतो.

आधी भावाचे बघू. बाल्साचे मोठे गिऱ्हाईक विमानवेडा माणूस कधीच नव्हता. पवनचक्कीच्या पात्यात बाहेरून काचतंतूची कवचे असतात आणि मधल्या गाभ्यात हलके, पण दबावाला न चेपणारे काहीतरी भरावे लागते. बाल्सा त्या कामाला उत्तम. शंभर मीटर लांबीच्या एका पात्याला सुमारे दीडशे घनमीटर बाल्सा लागतो, असा अमेरिकी अभियंत्यांचा हिशेब आहे. तेवढ्या लाकडात एखाद्या जिल्ह्यातल्या सगळ्या छंदिष्टांची आयुष्यभराची विमाने होतील. चीनने जमिनीवरच्या पवनऊर्जा प्रकल्पांना अनुदानासाठी २०२० अखेरची मुदत घातली आणि त्याआधी पाती बसवायची एकच घाई उडाली. इक्वाडोरची बाल्सा निर्यात २०१९ मध्ये सुमारे २२ कोटी डॉलर होती. २०२० च्या पहिल्या अकरा महिन्यांतच ती ७८ कोटींच्या आसपास गेली. लागवडीतले लाकूड पुरेना, तेव्हा तोडणारे ॲमेझॉनच्या जंगलात, वाओरानी आणि अचुआर आदिवासींच्या मुलखात नदीकाठाने शिरले. मुदत संपल्यावर मागणी उतरली. तोवर पात्यांचे कारखानदार पीईटी फोमकडे वळू लागले होते. पाण्याच्या बाटलीचे असते तेच हे प्लास्टिक, फक्त फुगवलेले. तेजी बघून ज्यांनी बाल्सा लावला होता, त्यांचा माल शेतात उभाच राहिला.

वऱ्हाडात ही गोष्ट कोणाला परकी वाटू नये. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव दिला. युद्ध संपले, भाव कोसळला. पेरणी इथे आणि भाव भलतीकडे, हे माल्व्हेसी कुळाच्या नशिबीच असावे.

मग तेजी ओसरल्यावर आपल्याकडे बाल्सा पुन्हा स्वस्त का झाला नाही? कारण आपल्यापर्यंत येणाऱ्या पाटीच्या किमतीत लाकडाचा भाव हा एक तुकडा आहे. २०१९ मध्ये डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो पंच्याऐंशीच्या वर गेला. बाल्सा आयात होऊन मोठ्या शहरातल्या मोजक्या विक्रेत्यांकडे येतो आणि तिथून कुरिअरने गावी. इथे एक गंमत आहे. विमानाने जाणाऱ्या पार्सलला खरे वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतले जे जास्त, त्याचे पैसे लागतात. आकारमानाचे वजन म्हणजे घनसेंटिमीटर भागिले पाच हजार, हा रूढ हिशेब. तीन फूट लांब, चार इंच रुंद आणि तितकेच उंच खोके घेतले तर आत बाल्साच्या पाट्या गच्च भरूनही ते दीड किलोच्या आत राहते, आणि पैसे मात्र पावणेदोन-दोन किलोचे पडतात. माल जितका हलका तितका हा भुर्दंड जास्त. चारपाच जणांनी मिळून एकदम मागवणे एवढाच त्यावर तोडगा, आणि दर्यापुरात असे चारपाच जण आधी एकमेकांना सापडायला हवेत.

भावापेक्षाही प्रतीचे दुखणे मोठे. बाल्साची घनता एकसारखी नसते. एकाच झाडाच्या आतल्या आणि बाहेरच्या लाकडात फरक पडतो. तीन इंच रुंद, तीन फूट लांब आणि एक सोळांश इंच जाडीची पाटी दहा ग्रॅमचीही निघते आणि तीस ग्रॅमचीही. तेजीत घाईने तोडलेला, नीट न वाळवलेला, न निवडलेला मालही खपतो. दुकानदार तराजू घेऊन बसत नाही. पाट्या हाती आल्या की सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या डिजिटल काट्यावर प्रत्येक पाटी तोलून तिच्यावर पेन्सिलीने वजन लिहायचे, ही जुन्या लोकांची सवय आता गरजेची झाली आहे. शेपटीला हलकी, पंखाच्या मुख्य पट्टीला जड, मधली फासळ्यांना.

बाल्साला एवढी किंमत का, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. त्याच्या पेशी मोठ्या आणि पातळ भिंतींच्या, जिवंतपणी पाण्याने भरलेल्या. वाळले की आत हवाच उरते. तरी तंतू सरळ राहतात. ब्लेडने कापता येतो, सँडपेपरने घासता येतो, फेविकॉल पितो, फेविक्विकने क्षणात चिकटतो, मोडला तर तुकडे जुळवून पुन्हा उडतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाचे अंग बर्च प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून केले होते. पहिले उड्डाण २५ नोव्हेंबर १९४०. तेच विमान १९४४ अखेर भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर काही काळ जमिनीवर बसवावे लागले, कारण पंखांचे सांधे सुटू लागले. संशय लाकडावर नव्हता. चिकटवण्यावर आणि आपल्या हवेवर होता. वऱ्हाडात मॉडेल करणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. इथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि श्रावणात सगळे ओलसर होते. सामान निवडताना भावाच्या आधी हा फरक बघावा.

आणि बघायचे ते वजन. एक मीटर लांब, वीस सेंटिमीटर रुंद पंखाचे साधे शिकाऊ विमान चारशे ग्रॅमचे झाले, तर ताशी वीस-बावीस किलोमीटरला ते हवेत टिकते. पायी धावणाऱ्या पोराचा वेग. तेच आठशे ग्रॅमचे झाले तर किमान वेग तिशीला जातो. वजन दुप्पट आणि वेगाचा वर्गही दुप्पट, म्हणून जमिनीवर आपटतानाची ऊर्जा चौपट. नवशिक्याचे विमान आपटणारच. ‘मजबूत’ म्हणून जड सामान घेणारा माणूस मोडतोडीची सोय स्वतःच करत असतो.

आता पर्याय. सर्वांत ओळखीचा थर्मोकोल. घनमीटरला पंधरा ते तीस किलो, म्हणजे हलक्यात हलक्या बाल्साहूनही कमी. पूर्वी गणपतीच्या मखरांसाठी स्टेशनरीच्या दुकानात त्याच्या पाट्या ढिगाने असत. महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आणि नंतर १ जुलै २०२२ पासूनच्या केंद्राच्या बंदीने सजावटीचा थर्मोकोल बाजारातून गेला. ते योग्यच झाले. पॅकिंगचा थर्मोकोल अजून येतो, फ्रिज आणि टीव्हीच्या खोक्यातून. गरम नायक्रोम तारेने त्यातून पंखाचा गाभा कापता येतो आणि वरून तपकिरी कागद पातळ फेविकॉलने चिकटवला की चांगला ताठ पंख मिळतो. दोन तोटे: दाणे सुटतात, आणि फेविक्विक लावले की तो जागच्या जागी विरघळतो. कागदाशिवाय नुसता थर्मोकोल उडवणे म्हणजे एका आपटीचा करार.

युरोपात डेप्रॉन नावाच्या फोमने छंदिष्टांचा बाल्सा बराच वाचवला. ते मुळात फरशीखाली घालायचे पातळ उष्णतारोधक अस्तर; तीन मिलिमीटरची पाटी चौरस मीटरला शंभर-एकशेदहा ग्रॅम. अमेरिकेत २०१० नंतर फ्लाइट टेस्ट या चमूने दोन्ही बाजूंना कागद लावलेल्या साध्या फोम बोर्डाचे आराखडे फुकट वाटले आणि मुले खोक्यासारखी घडी घालून विमाने करू लागली. मला हा गेल्या पंधरा वर्षांतला सर्वांत मोठा बदल वाटतो, कारण त्यांनी बाल्साच्या फासळ्या फोममध्ये कापत न बसता फोमला साजेसा आराखडाच नव्याने काढला. घडी, खाच, दुमड. अमरावतीच्या स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या प्रकल्पांसाठी फोम बोर्ड मिळतो. एक सावधगिरी मात्र हवीच. दुकानदाराला ‘फोम बोर्ड’ मागितला तर तो बहुधा सनबोर्ड काढून देतो, नावाच्या पाट्यांसाठी वापरतात तो पीव्हीसीचा. दिसायला दोन्ही पांढरे, दोन्ही फोम. पण तीन मिलिमीटरचा सनबोर्ड चौरस मीटरला दीड किलो भरतो. वर सांगितलेल्या बाल्सा पाटीएवढा त्याचा तुकडा शंभर ग्रॅमच्या वर जातो, तर डेप्रॉनचा सात-आठ ग्रॅमचा. सनबोर्डचे विमान शोकेसमध्ये ठेवावे.

त्याच दुकानात तिसरे नाव ऐकू येते ते सनपॅक, पन्हळी प्लास्टिकची पाटी. कोचिंग क्लासच्या जाहिराती आणि उमेदवारांचे हात जोडलेले फोटो विजेच्या खांबांना बांधलेले असतात, त्या पाट्या. निवडणूक संपली की एवढा माल फुकट पडलेला असतो, की बाल्साच्या भावावर बोलायची लाज वाटावी. अमेरिकेत याच प्लास्टिकची आणि पावसाच्या पन्हाळीच्या पीव्हीसी पाइपांची विमाने करण्याची ‘स्पॅड’ नावाची चळवळच होती. सनपॅक पाण्याने भिजत नाही, जोरात आपटला तरी तुटत नाही, फार तर दुमडतो. पन्हळी पंखाच्या लांबीच्या दिशेने ठेवल्या तर तो वाकायला तयार नसतो. आडव्या ठेवल्या तर दोन हातांत घडी होते. नवखे बरेचदा इथेच चुकतात. खरी अडचण दोन ठिकाणी. एक म्हणजे वजन: तीन मिलिमीटरची पाटी चौरस मीटरला अर्ध्या किलोच्या आसपास, बाल्साच्या पाटीच्या दुपटीहून जास्त. म्हणून सनपॅकचे विमान मोठे करावे लागते. दीड मीटर पंखाचे, जोरदार मोटारीचे. एका मीटरच्या खाली ते दगड होते. दुसरी अडचण डिंकाची. पॉलिप्रॉपिलीनला फेविकॉल, फेविक्विक काहीच धरत नाही. केबल टाय, नटबोल्ट, दुहेरी चिकटपट्टी आणि छिद्रांतून ओवलेली तार, असा तो शिवणकामाचा मामला आहे. जड असला तरी तो तुटत नाही, म्हणून पहिल्या, शिकाऊ विमानासाठी मी सनपॅकच सुचवीन, पण दुसऱ्या विमानासाठी नाही.

मला सर्वांत जास्त आशा आहे ती बांबूची, आणि सर्वांत कमी लिहिले जाते तेही त्याच्यावरच. दर्यापूरपासून उत्तरेला अंजनगाव, परतवाडा ओलांडले की मेळघाट. तिथला मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो, आणि भरीव बांबूच पट्ट्या काढायला लागतो. धारणी तालुक्यातल्या लवादा गावी सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी १९९० च्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र उभे केले आणि कोरकू कारागिरांच्या हातांना त्यातून काम दिले. सुनील देशपांडे २०२१ मध्ये गेले. तिथे घरे झाली, फर्निचर झाले, राख्या झाल्या. विमाने झाली नाहीत, पण बांबू कधी तोडावा, कसा वाळवावा, भुंगा लागू नये म्हणून काय करावे, ही विद्या तयार आहे. बांबूतली साखर आणि पिष्ट भुंग्याला आवडते. म्हणून तो हिवाळ्यात तोडतात, पाण्यात बुडवून ठेवतात किंवा बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवतात.

बांबू बाल्साहून चारपाच पट जड आहे, हे खरे. पण तंतूच्या दिशेची ओढ तो त्याहून कितीतरी जास्त सोसतो. त्यामुळे बांबूची पाटी करायची नाही, पट्टी करायची. तीन बाय पाच मिलिमीटरची मीटरभर पट्टी दहा ग्रॅमच्या आसपास भरते. अशा दोन पट्ट्या फोमच्या पंखात खालीवर बसवल्या की बाल्साचा महागडा कणा लागत नाही. सालीकडची बाजू बाहेर ठेवायची, कारण तंतू तिथे दाट असतात. गाठ आली तर ती पंखाच्या मधोमध येऊ द्यायची नाही. संक्रांतीला पतंगाची कमान तासणारी पोरे हे न शिकवता करतात. कामटी बोटावर तोलून दोन्ही बाजूंचे वजन सारखे करणे हे त्यांचे रोजचे काम. पंखाच्या दोन्ही पट्ट्या सारख्या वाकतात का, हे बघणेही तेच. सांतोस-द्युमोंच्या १९०७ सालच्या द्मोआझेल विमानाचे धड बांबूचे होते आणि ते खऱ्या माणसाला घेऊन उडाले. बाल्सा छंदात रुळण्यापूर्वी मॉडेलवालेही बांबू आणि स्प्रूसच वापरत.

इथल्या हलक्या लाकडांची चाचणी मात्र व्हायला हवी. पांगारा हलका, सावंतवाडीची खेळणी त्याचीच होत आली. पानमळ्यात वेलींना आधार म्हणून पांगारा, शेवरी, हेटी लावायची रीत जुनी आहे, आणि अंजनगावकडे पानमळे आहेत. काटेसावर तर बाल्साची जवळची नातेवाईक, एकाच उपकुळातली. तिच्या लाकडाच्या आगकाड्या होत. घनता पाहिली तर पांगारा बाल्साच्या दुपटीकडे जातो, सावर त्याहून वर. म्हणजे पंखाच्या पाट्यांसाठी दोन्ही नापास. पण मोटारीचा माथा, चाकांचा आधार, पंखाची टोके अशा जागी, जिथे आपण एरवी जड प्लाय घालतो, तिथे पांगाऱ्याचे ठोकळे चालायला हरकत नसावी. चाचणी कोणत्याही शाळेत होईल: एक सेंटिमीटर जाड, एक रुंद, दहा लांब अशी काडी कापायची, उन्हात पूर्ण वाळवायची, तोलायची. दीड ग्रॅम भरली तर बाल्साची बरोबरी. तीन भरली तर ठोकळ्याच्या कामाची. पाच भरली तर चुलीच्या.

ज्वारीच्या धांड्याचे भेंड या तराजूवर कुठल्याही लाकडाला हरवेल. त्याच्या बैलगाड्या करून खेळलेली पिढी अजून आहे. पण भेंडाला ताकद नाही, आणि जोडीला तुराट्या घ्याव्यात तर त्या सरळ नसतात. खोलीत सोडायच्या ग्लायडरपुरते ठीक.

थ्री-डी छपाईबद्दल थोडक्यात. २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेत शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते आणि प्रिंटर येतो. छापताना फुगणारे हलके पीएलए प्लास्टिकही आता मिळते. पण साधे पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात अकोल्याला काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत तो आकडा सहज गाठला जातो, आणि पंख संध्याकाळी पापडासारखा वळलेला सापडतो. गरम गोंदाच्या बंदुकीने जोडलेल्या फोमचेही तेच. छपाई मोटारीच्या माउंटपुरती ठेवावी, तीही पीईटीजीची. कार्बनच्या नळ्या उत्तम आहेत, पण आयात मालाला आयात मालाचा पर्याय हा कसला पर्याय?

मग बाल्सा कुठे ठेवायचा? ज्या विमानात ग्रॅम मोजले जातात तिथे. रबराच्या पिळावर उडणारी, मोकळी सोडायची विमाने आणि हाताने फेकायची ग्लायडर यांत अजून त्याला तोड नाही. एनसीसीच्या अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात कंट्रोल लाइनची विमाने तारांवर गोल फिरतात, आणि त्यांच्या इंजिनाचा हादरा फोम फार काळ सोसत नाही. तिथेही बाल्सा आणि प्लायच. जुन्या छात्रांना कोलकात्याची ऑरोरा डिझेल इंजिने आठवत असतील. त्यांचे तेल फोमला लागले की काय होते, हे त्यांना विचारावे. बाकी विजेवर उडणाऱ्या शिकाऊ विमानात बाल्सा शेपटीच्या हलत्या पट्ट्यांपुरता पुरे. दोन पाट्यांत वर्ष निघते.

उडवायला जागेची ददात नाही, आणि इथे दर्यापूरकर पुण्या-मुंबईच्या छंदिष्टाहून श्रीमंत आहे. खारपाण पट्ट्यातली वावरे सपाट, झाडे विरळ. मात्र पऱ्हाटी उपटून होईपर्यंत कपाशीच्या शेतात उतरू नये. उभे खुंट फोमला आरपार भोसकतात. हरभरा निघालेले वावर बरे, पण उन्हाळ्यात भेगांत चाक अडकते, म्हणून चाके काढून पोटावर उतरणारे विमान करावे, म्हणजे तेवढे सामानही वाचते. दहा वाजल्यानंतर वावटळी उठतात; सकाळी सहा ते आठ ही वेळ चांगली. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत पंचवीस किलोपर्यंतच्या, शिक्षणासाठी किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे आणि त्यांना प्रकार प्रमाणपत्रातून (टाइप सर्टिफिकेट) सूट आहे. अमरावतीकरांनी मात्र डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी उघडावा, कारण १६ एप्रिल २०२५ पासून बेलोरा विमानतळावरून मुंबईचे एटीआर उडते.